बाहेर मायनस चाळीस

मे महिन्यात अंधेरीची माणसं घामाने न्हातायत, आणि साहेबांची गाडी सांगतेय बाहेर मायनस चाळीस! बरं, गाडी खोटं बोलली तर बोलली, यंत्रच ते. पण दोष कोणाचा? ड्रायव्हरचा. गाडीला नुसती शिंक आली तरी लोक आधी ड्रायव्हरकडे बघतात.

तो ड्रायव्हर म्हणजे मी, सहदेव. संपात आमची गिरणी गेली ती गेलीच. मग मी लायसन काढलं आणि बरेच दिवस बदली ड्रायव्हर म्हणून याच्या-त्याच्या गाडीवर फिरलो. वाकोल्याला एक खोली, बायको प्रेमा, दोन पोरं. कायमची नोकरी मिळाली ती माईंमुळे. माई म्हणजे साहेबांच्या आई, जानकीबाई, आमच्याच कुडाळकडच्या. मुलगा जर्मनीहून गाडी घेऊन परत येतोय म्हटल्यावर त्यांनी गाववाल्यांकडून निरोप धाडला, ‘ड्रायव्हर आपलो मनीस होयो.’ तो आपला माणूस मी झालो.

नंदकिशोर साहेब इंजिनियर. सात बंगल्याजवळ तळमजल्याचं घर, बाहेर शेडखाली गाडी. माणूस वाईट नाही हां, पण गाडी म्हणजे जीव की प्राण. डॅशबोर्डवर एक छोटी काच होती, तिच्यात हिरवे आकडे. बाहेर किती गरम आहे ते दाखवायचे. पाहुणा बसला की साहेब आधी तिकडे बोट करायचे. पाहुणा म्हणायचा, “चौतीस? झकास!” मला कळेना, काच खाली केली की कळतंच ना गरम आहे ते! पण बोललो नाही. ड्रायव्हरला निम्मा पगार गप्प बसायचाच असतो.

गाडीची पूजा झाली त्याच दिवशी माईंनी पुढे लिंबू-मिरची बांधली. साहेबांनी बघितली, तोडली आणि थेट गटारात फेकली.

“आई, मी जर्मनीत दहा वर्षं गाडी चालवली. कोण लिंबू बांधत होतं?”

“अरे, तुझे बाबा घाटात गाडीसकट ट्रकखाली गेले...”

“त्या गाडीला होतं ना लिंबू?”

“नव्हतं,” माई म्हणाल्या.

साहेब आणखीच भडकले. “पुन्हा असली थेरं दिसली तर तुला गावी नेऊन सोडीन. आणि सहदेव, तुला घरी पाठवीन. दोघांनी ऐकून ठेवा.” गावी माईंचं घर बंद. शेजारची दोन घरंही बंद. रात्री पाणी द्यायलाही कोणी नाही. रागात माणूस काहीही बोलतो, पण माईंचा चेहरा असा उतरला की मी दुसरीकडे बघितलं.

पुढे पावसाळा गेला, हिवाळा गेला, आणि मेमध्ये हे मायनस चाळीस आलं. साहेबांनी रविवारी जाडं पुस्तक काढलं, मीटर काढला आणि स्वतः गाडीखाली झोपले. मी उजेडाला बॅटरी धरून. पुढच्या बंपरच्या आत एका बारक्या वायरच्या टोकाला चण्याएवढा सेन्सर होता. हवा गरम की थंड ते तो ओळखतो म्हणे. साहेबांनी त्याचा प्लग सोडवला आणि वायरची दोन टोकं तारेच्या तुकड्याने जोडली. आत बघतो तर आकडा एकदम वर चढलेला.

“बघ, काच ठीक, वायर ठीक. सेन्सर मेलाय,” साहेब म्हणाले. प्लगच्या पिनांवर, न घासलेल्या तांब्यावर चढतो तसला हिरवा थर होता. “खारा वारा. दुसरं काय!”

त्यांच्या मित्राने जर्मनीहून नवीन सेन्सर आणला. बसवला, तेहतीस आलं. साहेबांनी खूश होऊन स्वतःच्या हाताने मला चहा दिला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पावसाचे चार दिवस सरले नाहीत तोच पुन्हा मायनस चाळीस. या वेळी साहेबांची नजर फिरली.

“गाडीवर पाइप मारतोस का?”

“नाही साहेब. ओल्या फडक्याने पुसतो.”

“मग कुठे ठोकलीस?”

आता मला भडकायला वेळ लागत नाही. गिरणीत असतो तर सुपरवायझरला जागच्या जागी ऐकवलं असतं. पण पोरांच्या शाळा डोळ्यांपुढे आल्या. म्हटलं, “कुठेच नाही, साहेब.”

“रविवारी उघडतो. तुझी चूक निघाली तर सोमवारपासून येऊ नकोस.”

प्रेमाला सांगितलं तर ती म्हणाली, “एवढ्याशा आकड्यासाठी?”

शनिवारी मी जरा लवकरच गेलो. म्हटलं, आपणच एकदा खाली वाकून बघू. बघतो तर गाडीसमोर माई! पदर खोचलेला, उकिडव्या बसलेल्या, हात बंपरच्या आत खांद्यापर्यंत. जवळ जमिनीवर लिंबू आणि दोऱ्यात ओवलेल्या मिरच्या.

“माई, ह्या काय?”

त्या दचकल्या. “आरडू नको रे. झिलाक आयकाक येतला.”

बाहेर बांधलं तर झिलाला, म्हणजे मुलाला, दिसतं, म्हणून त्या बंपरच्या आत बांधत होत्या. आत हाताला काय लागलं? ती बारकी वायर. दर शनिवारी त्याच वायरला, त्याच सेन्सरजवळ नवीन लिंबू. जुनं सुकलं की आत कव्हरवर ढकलायच्या, आणि साहेब गाडीखाली शिरणार म्हटलं की ताजं आधीच काढून ठेवायच्या. लिंबाचा रस पिनांवर गळत होता, आणि साहेब शिव्या घालत होते खाऱ्या वाऱ्याला! मी कपाळावर हात मारून घेतला.

मी त्यांना समजावलं. म्हटलं, रसाने पिना कुजतात, आकडा बिघडतो, आणि उद्या माझी नोकरी जाणार. त्यांनी माझा हात धरला. त्यांच्या बोटांना लिंबाचा वास होता.

“नजर तोंडाक लागता रे सहदेवा, म्हणान पुढे बांधलंय. घो गेलो. आता एकच झील आसा.”

“मगे सायबांक सांगा, माई.”

“सांगतंय. तुझी नोकरी जावक देवचंय नाय.”

माझ्या जिवात जीव आला. ते ताजं लिंबू मी काढून टाकलं. म्हटलं, चला, देव पावला.

रविवारी साहेबांनी या वेळी बंपरखालचं कव्हरही सोडवलं. आतून काळी पडलेली लिंबं, मिरच्यांचे देठ, दोरे असं सगळं भदाभदा त्यांच्या छातीवर पडलं. साहेब बाहेर आले, उठून बसले. एक सुकलेली मिरची शर्टाला चिकटलेली. एरवी मी पोट धरून हसलो असतो.

“सहदेव, हे काय आहे?”

पायरीवर माई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. मी म्हटलं, “माई सांगतील, साहेब.”

साहेबांनी तिकडे बघितलं. “आई?”

माझ्याशी मालवणीत बोलणाऱ्या माई मुलाशी अगदी पुस्तकातलं बोलायच्या. “मला काय कळतंय रे गाडीतलं? मी त्या बाजूला जाते तरी का?”

“म्हणजे हा खोटं बोलतोय?”

त्यांनी ट्रेमधला एक कप उगाच सरळ केला. “मला काय ठाऊक, बाबा.”

अशी तळपायाची आग मस्तकात गेली! सगळं तोंडापर्यंत आलं होतं. त्यांचा हात हुंगा म्हणावं, साहेब, आत्ता हुंगा. पण ट्रेमधले कप वाजत होते. एवढे वाजत होते की मला दुसरं काही ऐकूच येईना. बोललो असतो तरी आईला सोडून ड्रायव्हरवर कोण विश्वास ठेवणार? आणि ठेवला असता, तर त्या म्हातारीला बंद घरात कोणी नेऊन सोडलं असतं? मलाच गाडी काढायला लावली असती. मी गप्प उभा राहिलो. गप्प राहिला तो चोर ठरला.

“किल्ली ठेव,” साहेब म्हणाले. मी ठेवली.

मित्राने मागच्या वेळीच एक जादा सेन्सर आणून ठेवला होता. साहेबांनी पिना घासल्या आणि माझ्यासमोरच नवीन बसवला. बॅटरी धरायला मीच. सवयीने धरली, दुसरं काय? काचेत एकतीस आलं.

“बघ, आता बरोबर दाखवतंय,” ते म्हणाले. मी चपला घातल्या.

गेटपाशी पोचलो तर मागच्या दाराने माई धावत आल्या. चारी बाजूंना बघून त्यांनी माझ्या हातात काहीतरी कोंबलं. लिंबू, दोऱ्यात सात मिरच्या.

“नव्या गाडयेक बांध.”

आता मात्र माझा तोल सुटला. “माई, तुमी सांगतंय म्हणालात! माझ्या पोरांच्या तोंडातलो घास काढलात!”

त्यांनी तोंडाला पदर लावला. रडू फुटलं तरी आवाज खालीच होता, आतल्याला कळू नये म्हणून.

“सहदेवा, तुका दुसरी गाडी गावतली रे. माका दुसरो झील खंयसून गावतलो?”

लिंबू घेतलं आणि वाकोल्याच्या वाटेला लागलो.