बहिरीला ऐकू येतं

मी एक जुनी दुर्बीण आहे आणि सध्या भयंकर रागात आहे. राग उतरल्यावर बोलावं म्हणून आठवडाभर गप्प बसले, पण मित्रांनो, तो काही उतरायला तयार नाही.

तरुणपणी मी जहाजावर होते. तिथून जुन्या बाजारात आले आणि तिथून आत्यांच्या खिडकीत. आत्या शिवणकाम करतात. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांचं जिना उतरणं बंद आहे.

दर हिवाळ्यात समोरच्या पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर एक पाहुणी उतरते. बहिरी, म्हणजे ससाण्याच्या कुळातली शिकारी पक्षीण. सकाळी ती पिसं फुलवून एका पायावर बसली, की आत्या मशीन थांबवून मला डोळ्यांना लावतात. माझं चाक किती फिरवायचं हे विसरू नये म्हणून त्यांनी त्यावर लाल दोऱ्याची गाठ मारली आहे. गाठ वर आली, की बहिरीच्या डोळ्याभोवतीची पिवळी कडसुद्धा दिसते. हिवाळाभर आत्यांना तेवढीच सोबत असते.

यंदा त्यांचा भाचा ड्रोन घेऊन आला. मला उचलून म्हणाला, "हे खेळणं अजून ठेवलंयस? थांब, तुला तिची चोच दाखवतो, अगदी जवळून."

"अरे, केवढा आवाज करतं ते. घाबरेल ती."

"आत्या, तूच तिला बहिरी म्हणतेस ना? मग तिला काय ऐकू येणार?"

आत्या हसल्या. त्यांना वाटलं, पोरगा थट्टा करतोय. पण तो शहाणा खरंच तसं समजून चालला होता.

ते यंत्र घरघरत कठड्यापाशी गेलं. बहिरी दोनदा उडाली आणि दोनदा परत येऊन बसली. तिसऱ्यांदा ते तिच्या तोंडासमोर गेलं, तेव्हा ती गेली ती गेलीच. नाव माणसांनी ठेवायचं आणि शिक्षा पक्ष्याने भोगायची, हा कुठला न्याय?

काल भाचा ओशाळून आला. मला डोळ्यांना लावून चाक फिरवत बसला.

"काही दिसत नाही गं. बिघडलीय ही."

"गाठ वर आहे का?"

"आहे."

"मग नाही बिघडली. जे आहे ते दाखवतेय."

तो बराच वेळ रिकामा कठडा बघत राहिला.

मित्रांनो, जवळ आणणं हे माझं काम आहे, तुम्ही जवळ जाऊ नका. माझी भिंगं पुसा आणि आपल्या जागेवर बसून राहा. हिवाळा अजून महिनाभर आहे आणि आत्यांनी गाठ सोडलेली नाही.