भटारखान्याचं दार

उत्तर ध्रुवाजवळ आमचं जहाज बर्फात अडकलं, तेव्हापासून माझ्या भटारखान्याचं दार लागेना. आठ महिने पाठीवर बोचरा वारा घेत मी सुका कॉड मासा शिजवला. आमचा सुतार हाल्वार मात्र रंधा हातात घेईना.

"अरे, जरा तासून दे की! आळशी कुठला!"

"दार बरोबर आहे, आचारीबुवा. बर्फ जहाजाला आवळतंय, म्हणून चौकट वाकलीय. बर्फ सुटलं की लागेल. मी मापानं बसवलंय."

"मापानं म्हणे!"

जूनमधल्या एका सकाळी मी खलाशांना लापशी वाढत होतो. मागे दार अलगद फिरलं आणि फटही न ठेवता लागलं. सगळे थबकले, मग ताटल्या टाकून शिडांकडे धावले.

एकटा हाल्वार जागचा हलला नाही. ताटली पुढे करून म्हणाला, "वाढ आणखी. आता गार होणार नाही."