सहावं पान

शिलाई मशीन दुरुस्त करण्यात मिस्त्रींचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण हल्ली दुकानात माशा मारत बसायची पाळी आली होती. त्यात मेव्हण्याचा गाळ्यावर डोळा, त्याला तिथं मोबाइल कव्हरांचं दुकान टाकायचं होतं. शेवटी बायकोनं तोड काढली: तीस तारखेपर्यंत गिऱ्हाईक वाढलं तर ठीक, नाहीतर गाळा भावाला.

मेव्हणा म्हणजे घरातला कॉम्प्युटरचा जाणकार. "दाजी, सर्चमध्ये तुम्ही सहाव्या पानावर. तिथवर कोण मरायला जातंय? दुकानाची पोस्ट टाकू. शेअर वाढले की नाव आपोआप वर येतं!"

पोस्ट टाकली. मिस्त्रींनी हौसेनं तरुणपणचा काळापांढरा फोटो दिला. खाली पत्ता, वेळ आणि 'चाळीस वर्षांची सेवा'.

चुलतसासऱ्यांनी फोटो पाहिला, खालचं वाचायची तसदी घेतली नाही, आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून पुढे ढकललं. मग काय विचारता! विहीणबाईंनी हात जोडले, साडूंनी फुलं वाहिली. चार दिवसांत चारशे शेअर. "आकडा बघा दाजी, कमेंट कशाला वाचता?" मेव्हणा म्हणाला. मिस्त्री बिचारे रोज सकाळी सर्च करत. सहावं पान. जागचं हललं असेल तर शपथ!

पाचव्या दिवशी शिवणक्लासच्या बाई आल्या, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. मिस्त्रींना बघून मटकन स्टुलावर बसल्या.

"अगंबाई! मी तर वहिनींना भेटायला आले होते."

त्यांनी फोन पुढे केला. मिस्त्रींनी स्वतःची श्रद्धांजली शेवटपर्यंत वाचली. 'भला माणूस होता' वाचून क्षणभर बरंही वाटलं. मग धंदा आठवला.

"आणि क्लासची मशिनं?"

"आठही कालच दुसऱ्याकडे टाकली हो. म्हटलं, आता कोण करणार?"

नाव तसूभर वर सरकलं नव्हतं, माणूस मात्र थेट वर पोचला होता. मिस्त्रींनी लगेच नवी पोस्ट लिहिली: 'मी जिवंत आहे. मशीन आणा.'

तीस तारखेला मेव्हणा गाळा मोजायला टेप घेऊन हजर.

"तू तरी शेअर करायचीस रे ती पोस्ट."

"केली असती दाजी, पण जरा निगेटिव्ह वाटली. असलं लोकांना आवडत नाही."

मिस्त्रींनी फोन उघडला. शेअर एक. बायकोचा. वर तिनं लिहिलं होतं, 'हे खरं आहे. मी रोज बघते.'

ते त्यांनी दोनदा वाचलं. मग फोन खिशात टाकून त्यांनी टेपचं दुसरं टोक धरलं.