आईच्या पोटातलं भिंग

घड्याळजींच्या दुकानाचा नियम होता: काढलेला जुना भाग पुडीत बांधून गिऱ्हाइकाला परत द्यायचा. त्यामुळे मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हा त्यांनी डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं, "काढलेलं भिंग मला मिळेल ना?"

"काका, ते आतच फोडून नळीनं ओढून घेतो. हाती काही लागत नाही."

"पण ते बिघडलंच कसं?"

बाईंना शिकवायची भारी हौस. म्हणाल्या, "शरीरातली प्रथिनं सारखी मोडतात, नवी घडतात. वय झालं की हे काम मंदावतं, खराब झालेलं साचत जातं. भिंगाच्या गाभ्यात तर नवं काही घडतच नाही. तिथली प्रथिनं तुम्ही आईच्या पोटात होतात तेव्हाचीच आहेत. अडुसष्ट वर्षांनी गढूळ होणारच."

घड्याळजी तडक घरी आले आणि ऑपरेशन नको म्हणून बसले. त्यांच्या जन्मानंतर तिसऱ्या दिवशी आई गेली होती. घरात तिचा फोटोसुद्धा नव्हता. इकडे दुकानात स्क्रू दिसेना, चिमटा भलतीकडेच जाई. आणखी महिनाभरात दुकानाला कुलूप लागलं असतं.

"आईनं घडवलेलं एवढंच अंगात उरलंय, ताई. तेही फोडून टाकू?"

ताई दहा वर्षांनी मोठी. ती भडकलीच. "अस्सं! मी चमच्यानं दूध पाजलं, घास भरवले, ते सगळं मोडीत निघालं म्हण की!"

"तसं म्हटलं का मी?"

"मग काय म्हटलंस? डोळे गेले की तुला भरवायला पुन्हा मीच ना? अठ्ठ्याहत्तर झाले मला. हात कापतात माझे." ती तोंड फिरवून बसली.

आपण तिला दुखावलं, हे घड्याळजींना फार लागलं आणि ते ऑपरेशनला तयार झाले. चार दिवसांनी दोघं दवाखान्याच्या बाकावर बसले होते. डोळ्यात थेंब घातलेले, समोर सगळं धूसर. आई आपल्यापायी गेली हे त्यांच्या मनात इतकं घट्ट बसलं होतं, की ताईला तिच्याबद्दल त्यांनी जन्मात काही विचारलं नव्हतं. ताईला वाटायचं, याला तो विषय नकोच असेल.

"ताई, कशी होती गं ती?"

ताई त्यांच्याकडे वळून बसली. मग म्हणाली, "हेकट. तुझ्यासारखीच. तुला कुणाच्या हातात देईना. मी हट्ट केला, तेव्हा तुला माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली..."

नर्स न्यायला आली. घड्याळजी जागचे हलले नाहीत.

"पाच मिनिटं थांबा, बाई," ते म्हणाले. "हं ताई, काय म्हणाली?"