अडीच लोक

मास्तरांनी कोटाची बाही पुतळ्याच्या खांद्यावर बसवली आणि ओठांत धरलेली एक टाचणी काढून तिथे खुपसली. तोंडात टाचण्या असताना माणसाला ऐकता येतं, बोलता येत नाही, हे ताईला चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच तिने नेमकी ती वेळ साधली.

"समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर खोली रिकामी झालीय," काज विणता विणता, मान वर न करता ती म्हणाली. "मी घेतलीय. रविवारी जाईन म्हणते."

मास्तरांच्या घशातून कसलासा आवाज निघाला.

"टाचणी गिळू नकोस. एकटीला पुरेल एवढी आहे. भिंतीत कपाट आहे, खिडकी रस्त्याकडे. दुकानात रोज येईनच, तुझी काजं-बटणं दुसरं कोण करणार? जेवायलाही येईन, बोलावलंस तर. फक्त झोपायला आणि उठायला तिकडे."

मास्तरांनी उरलेल्या टाचण्या एकेक करून उशीत टोचल्या. तेवढ्यात काहीतरी सुचेल असं त्यांना वाटत होतं.

"इथे काय कमी पडलं?"

"काही नाही."

"पोर काही बोलली?"

"पोर कशाला बोलेल?"

"मग?"

"मग काही नाही. मला खोली हवीय."

मास्तरांची बायको गेली तेव्हा लेक जेमतेम चालायला लागली होती. ताई त्या वेळी टेलिफोन ऑफिसात होती. लग्न केलं नव्हतं, स्वतःची भाड्याची खोली होती. खोलीला कुलूप लावून ती चार दिवसांसाठी म्हणून भावाकडे आली. ते चार दिवस इतके लांबले, की मधल्या मध्ये खोली दुसऱ्याकडे गेली, ऑफिसात माणसांच्या जागी यंत्रं आली, आणि जेमतेम चालणारी पोर कॉलेजात जाऊ लागली. गल्लीत मात्र हिशेब उलटा मांडला गेला होता. मास्तरांनी बहिणीला सांभाळलं, असं सगळे म्हणत. मास्तरांनी तो कधी दुरुस्त केला नव्हता. तसे ते हिशेबाला पक्के होते. कुणाची कंबर किती वाढली, कुणी जुना कोट उलटवून नवा म्हणून मिरवला, कोण 'सध्या चालतं ते शिवा' म्हणतं आणि कोण 'कालच्यापेक्षा जरा बरं शिवा', हे सगळं त्यांच्या डोक्यात मापासकट असे. हा एकच हिशेब त्यांनी लोकांवर सोडला होता, कारण तो त्यांच्या बाजूने लागत होता.

"ताई, चार लोक काय म्हणतील? भावाने बहिणीला म्हातारपणी घराबाहेर काढलं."

"म्हातारपणी?" ताईची सुई थांबली.

"तसं नव्हे गं."

"गादी उचलायला तू आलास तर बरं," सुई पुन्हा चालू झाली. "नाही आलास तर हमाल बघेन. मग मात्र लोक खरंच म्हणतील."

रात्रीच्या जेवणाला मास्तरांनी तेच वाक्य पुन्हा काढलं, आता लेकीच्या साक्षीने. त्यांना वाटलं होतं, पोर आत्याला अडवेल. पण पोरीने घास तसाच हातात धरला आणि डोळे चमकवले.

"थांबा बाबा. चार लोक म्हणजे कोण?"

"कोण म्हणजे? लोक."

"नाही, एकेक करून सांगा. आमच्या मॅडमनी हेच विचारून यायला सांगितलंय."

लेक समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला होती. माणसं माणसांत कशी वागतात, हे शिकायला फी भरावी लागते याचं मास्तरांना पहिल्यापासून नवल होतं. "दुकानात दोन दिवस स्टुलावर बस," ते म्हणत, "फुकटात शिकशील."

"ऐका तर. माणसाला वाकडं जाण्यापासून पोलीस अडवत नाहीत, कायदा अडवत नाही, तरी तो आपला सरळ चालतो. याला अनौपचारिक सामाजिक नियंत्रण म्हणतात. मॅडम म्हणाल्या, घरातल्या मोठ्या माणसाला विचारा, तुम्हाला सरळ चालवणारे हे चार जण आहेत तरी कोण?"

"एवढंच ना?" मास्तर पाठ ताठ करून बसले. "एक, कोपऱ्यावरचे आजोबा."

"ते वारले बाबा. मागच्या वर्षी तुम्ही जाऊन आलात."

"वारले. पण काय म्हणाले असते, ते ठाऊक आहे मला."

"बरं, अर्धे धरू. दोन?"

"औषधवाला."

"पूर्ण. तीन?"

"मोठ्या बाई."

हे नाव घेताना त्यांचा आवाज आपोआप खाली आला. मोठ्या बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण गल्लीतून झाल्या नव्हत्या. त्या रस्त्याने निघाल्या की चांगली मिशा फुटलेली माणसं विडी मागे लपवत.

"चार?"

मास्तरांनी छताकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. ताईने त्यांच्या ताटात भाजी वाढली. चौथं माणूस काही सापडेना.

"अडीच झाले," लेक म्हणाली.

"अडीच लोकांना भिऊन राहतोस होय रे?" ताई म्हणाली. "मला वाटलं, निदान सव्वाचार तरी असतील."

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर रस्त्यापलीकडच्या औषधांच्या दुकानात खोकल्याच्या गोळ्या मागायला गेले. औषधवाल्याला गल्ली 'अर्धे डॉक्टर' म्हणायची, कारण औषधासोबत तो सल्लाही द्यायचा आणि सल्ला औषधापेक्षा कडू असायचा.

"खोकला कोरडा की ओला?"

"अजून ठरलं नाही."

औषधवाल्याने चष्म्यावरून पाहिलं आणि गोळ्यांची पट्टी परत खोक्यात ठेवली. "बोला."

"ताई समोर राहायला जातेय. रविवारी. एकटी."

"भांडलात?"

"नाही."

"मग जाऊ द्या की."

"असं कसं? तुम्ही काय म्हणाल?"

"मी कशाला काही म्हणू?"

"लोक म्हणतात ना, त्यातले तुम्ही एक."

"मी लोक?" औषधवाल्याला ते लागलं असावं. त्याने काउंटरवरचा कागद उगाच सरळ केला. "मास्तर, या गल्लीत लोक म्हणजे तुम्ही. मी इतकी वर्षं रविवारी दुकान उघडतोय, ते कुणामुळे?"

"गिऱ्हाइकांमुळे."

"रविवारी चिटपाखरू फिरकत नाही. सकाळी डोळे चोळत खिडकीत येतो, तर तुमचं शटर वर गेलेलं. म्हणतो, मास्तर कामाला लागले, आपण लोळत पडलो तर हा माणूस आपल्याला आळशी ठरवणार. बायको रोज बोलते. रोज म्हणजे, दर रविवारी."

मास्तरांनी वळून रस्त्यापलीकडे आपल्या शटराकडे पाहिलं.

"मी तुमच्या दुकानातला दिवा लागलेला बघतो," ते म्हणाले, "आणि शटर वर करतो."

औषधवाल्याने चष्मा काढून काउंटरवर ठेवला. दोघांनी आपापल्या परीने मागे मागे जाऊन पाहिलं. पहिल्यांदा रविवारी दुकान कुणी उघडलं होतं, ते दोघांनाही आठवेना.

"या रविवारी?" औषधवाल्याने हळूच विचारलं.

"तुम्ही नाही उघडलंत, तर मी नाही."

"तुम्ही आधी नका उघडू."

परत येताना मास्तर रस्त्यातच थांबले आणि त्यांनी स्वतःच्या दुकानाकडे परक्या माणसाने पाहावं तसं पाहिलं. काचेतून खुर्ची सरळ औषधवाल्याच्या दाराकडे तोंड करून ठेवलेली दिसत होती. खुर्ची तशी ठेवली की उजेड चांगला येतो, असंच ते आजवर सगळ्यांना सांगत आले होते. त्यांनी आत जाऊन ती जरा तिरकी केली. मग बसून पाहिलं. उजेड तेवढाच येत होता.

"तुझ्या मॅडमना सांग," संध्याकाळी ते लेकीला म्हणाले, "मीही आहे त्या चारांत."

"कुणाच्या?"

"ते सांगता येणार नाही. माणूस विश्वासाने बोललाय."

लेक हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिली. याला पैकीच्या पैकी, ती म्हणाली, आणि आत्याला सांगायला आत पळाली. मास्तरही हसले, पण त्यांचं काम काही भागलं नव्हतं. अर्धे आजोबा गेलेलेच होते, औषधवालाही निकालात निघाला. मोठ्या बाई बाकी होत्या. आणि बाईंचं नाव सांगून भागत नाही असंही काहीतरी उरत होतं. शनिवारी ताई आपल्या साड्या बोचक्यात बांधायला बसली, तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले.

"लोकांचं एक असू दे," ते म्हणाले. "पण सकाळी..."

"सकाळी काय?"

"तू भांडी आपटतेस. त्या आवाजाने जाग येते मला."

ताईने बोचक्याची गाठ मारली, सोडली, परत मारली.

"मग इतके दिवस लोकांच्या नावावर कशाला बिल फाडत होतास?" ती म्हणाली. "हे आधी नाही सांगायचं?"

"सांगितलं असतं तर राहिली असतीस?"

"नाही. पण बरं वाटलं असतं." ती थोडा वेळ गाठीकडे बघत राहिली. "मला एकदा तरी उठून भांडी न आपटता बसायचंय रे. नुसतं. पोर केवढी झालीय, चहा करते. तिला आपटायला शिकवून जाते."

रविवारी गल्लीत दोन शटरं खाली होती. जाणारे-येणारे आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे बघत, आणि कुणी गेलंय की काय अशा शंकेने पावलं हळू टाकत. मास्तरांच्या मनात होतं, उजाडायच्या आधी सामान हलवून मोकळं व्हावं. ताईने साफ नाही म्हटलं. "मी काय चोरी करून पळतेय? चांगली अंघोळ-नाश्ता करून जाईन." लेक बोचकं आणि बादली घेऊन पुढे गेली. गादीचं एक टोक मास्तरांनी धरलं, दुसऱ्या टोकाला औषधवाला न बोलावताच येऊन लागला. गादीत कापूस भरलाय की वाळू, हे त्याने अर्ध्या रस्त्यात विचारलं, आणि तेवढ्यात समोरून मोठ्या बाई आल्या.

बाई थांबल्या, म्हणून सगळेच थांबले. औषधवाला गादीच्या आडोशाला शक्य तितका बारीक झाला.

"कुठे?" बाईंनी विचारलं.

"ही समोर," ताई म्हणाली. "दुसऱ्या मजल्यावर."

"कोण कोण?"

"मी एकटी."

बाईंनी गादीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, मग मान वर करून त्या दुसऱ्या मजल्यावरच्या उघड्या खिडकीकडे पाहिलं. "हं," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या.

तो 'हं' मास्तरांनी पुढे आठवडाभर उलटून पालटून पाहिला. त्यात नापसंती होती की नुसता श्वास होता, त्यांना ठरवता येईना. लेकीला विचारलं तर ती म्हणाली, हा दुसऱ्या सत्रातला भाग आहे, अजून शिकवला नाही. ताई ठरल्या वेळी दुकानात येत होती. चेहरा नीट झोपलेल्या माणसाचा दिसत होता. घरी लेक सकाळी भांडी आपटायची, पण तिला ताल जमत नव्हता.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी ताई दोरे आणायला बाजारात गेली होती. मास्तर एकटेच होते, तेव्हा मोठ्या बाई हातावर कोट घेऊन आत आल्या. बाह्या जरा आखूड वाटतात, म्हणाल्या. कोट मास्तरांनीच शिवलेला होता आणि बाह्या जिथे हव्या तिथेच होत्या. पण अंगावर घालून बघा, असं म्हणून त्यांनी टेप काढला.

"ताई दिसत नाहीत."

"येईल इतक्यात."

"बरं चाललंय त्यांचं?"

मास्तरांनी उत्तर केव्हाचं शिवून तयार ठेवलं होतं. "उत्तम चाललंय. तिला स्वतःची खोली हवी होती. मीच पोहोचवायला गेलो होतो." आवाज ठरवला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"पाहिलं मी."

रस्त्यावरून दोन माणसं बोलत गेली. ती पुढे जाईपर्यंत बाई थांबल्या. मग शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा आपला आवाज त्यांनी आत ओढून घेतला.

"त्या इमारतीत अजून एखादी खोली रिकामी आहे का हो?"

मास्तरांच्या हातातला खडू बाहीपाशी थांबला.

"माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत," मोठ्या बाई म्हणाल्या. "त्यांच्यासाठी विचारतेय. मुलाकडे असतात. मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे. तसं काही नाही."

"नसणारच."

"नुसतंच आपलं, त्यांच्या मनात आलं."

"मागच्या बाजूला एक आहे म्हणे," मास्तर म्हणाले. "पण तिसरा मजला. जिना झेपेल त्यांना?"

"जन्म गेलाय जिने चढण्यात."

मास्तरांनी मान खाली घातली आणि बाहीवर एक रेघ ओढली. तिथे काहीच बदलायचं नव्हतं.

"उजेड कसा आहे?" बाईंनी विचारलं.

"सकाळचा येतो."

बाईंनी दुसरा हात, मास्तरांनी न सांगताच, मापासाठी पुढे केला. "त्यांचं अडतंय ते एवढ्यावरच," त्या बाहेर रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "या वयात असं काही करायचं, तर गल्लीतली माणसं, म्हणजे आता तुम्हीच घ्या, काय म्हणाल, असं त्यांना वाटतं."

मास्तरांनी टेप त्या हातावर धरला, आकडा पाहिला, आणि तो कुठेही न लिहिता टेप गळ्यात टाकला.

"गादी जड आहे का त्यांची?" त्यांनी विचारलं.

बाईंनी विचार केला.

"गादी हलकी आहे," त्या म्हणाल्या. "पुस्तकं मात्र बरीच आहेत."