अर्ध्या वावरातली सातेरी

नांदगावजवळच्या त्या गावात कांद्याचं बी घरीच धरायची रीत. माघात वावरात फुलांचे पांढरे गोंडे डोलू लागले की बायका हाताला मऊ फडकं गुंडाळून एकेका गोंड्यावरून हात फिरवत जात. त्याशिवाय बी भरत नाही, असं मोहिनीनं लग्न होऊन आल्यावर ऐकलं आणि ती थक्कच झाली. हे तर मधमाशीचं काम. सातेरी माशी फवारण्यांपायी कधीच गावातून गेली होती. पण तिच्या नावानं कुणी हळहळलंसुद्धा नाही. बायकांनी तिचं काम अंगावर घेतलं आणि गाव तिला साफ विसरलं. मोहिनीच्या मते माशी खरी संपली ती तेव्हा.

म्हणून तिनं पेठच्या डोंगरातून सातेरीच्या दोन पेट्या आणल्या. सासरे पुंजाराम म्हणाले, "अर्धं वावर तुझ्या माश्यांना, अर्धं हातानं. बी नाय भरलं, तर पेट्या माघारी."

आठवडा गेला. पुंजाराम रोज पहाटे चक्कर मारून येत आणि "एक माशी दिसंना" म्हणत.

एका सकाळी ती लवकर वावरात गेली, तर तिच्या अर्ध्या वावरात तिच्या सासू साळूबाई गुपचूप गोंडे कुरवाळत होत्या.

"आत्याबाई, हे काय?"

"बी नाय भरलं तर समदं गाव तुला हसंल. मला नाय बघवायचं."

मोहिनीला राग आला आणि रडूही आलं. एवढी माया, आणि तीच आड येत होती. "हसू द्या. पण तुम्ही हात लावला तर माशीनं काय केलं ते कळणार कसं?"

साळूबाईही ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. दोघींची चांगलीच जुंपली आणि त्या नादात ऊन वर आलं.

थंडीत माशी उन्हाशिवाय पेटीबाहेर पडत नाही, आणि या घरातली माणसं तोवर गोंड्यांपासून परतलेली असत. आज पहिल्यांदाच कुणीतरी थांबलं होतं. एक माशी आली, पाठोपाठ चार, आणि बघता बघता वावर घुमू लागलं. साळूबाईंनी सवयीनं हात पुढे केला, पण गोंड्यावर टेकवायला जागाच नव्हती. त्यांनी हाताचं फडकं सोडलं आणि त्यानंच डोळे पुसले.

"लय वर्सं राबलो गं हिच्या वाटचं," त्या म्हणाल्या. मोहिनीनं त्यांना मिठीच मारली.

दोघींना शोधत आलेले पुंजाराम बांधावर थबकले. वाकून जवळचे गोंडे न्याहाळले. शेजारचा रावजी फवारणीचा पंप पाठीला लावून निघाला होता. त्याला त्यांनी मोठ्यानं हटकलं.

"रावजी, औषध सांजच्याला मार. आमच्या माश्या कामावर आल्यात."