शेळीच्या पुस्तकाला लावलेल्या पट्ट्या

छापखान्यातल्या मुद्रितशोधकांना सगळे भिंगराव म्हणत. पानावरचा एखादा अनुस्वार निसटला तरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे, आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता. अशा माणसाच्या घरात पाच वर्षांच्या लेकीने, गुंडीने, वाचनालयातून बिनशब्दांचं पुस्तक आणावं, म्हणजे कमालच झाली!

"बत्तीस पानं आणि शब्द किती, तर 'बाजार' अशी एक पाटी!" भिंगरावांनी पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं. "मजकूर टाकायचाच राहिलाय. आमच्याकडून असा माल बाहेर पडला असता, तर माझी धडगत नव्हती."

"अहो, लहान मुलांची असतात तशी पुस्तकं," गुंडीची आई म्हणाली. "रोज मला त्यातली गोष्ट सांगते ती."

"मनचं सांगते. त्याला वाचन म्हणत नाहीत. उद्या शाळेत काय करणार?"

आणि मग त्यांनी जे केलं, ते एखादा मुद्रितशोधकच करू जाणे. चित्रं पाहून त्यांनी स्वतः गोष्ट लिहिली, सुबक टाइपात छापून घेतली, पट्ट्या कापल्या आणि प्रत्येक चित्राच्या तळाशी एकेक चिकटवली. 'म्हातारा शेळी विकायला बाजारात निघाला' इथपासून 'शेळी विकली गेली नाही, म्हातारा निराश होऊन परतला' इथपर्यंत. शुद्धलेखनाची एक चूक सापडेल तर शपथ!

गुंडीने पहिल्या पट्टीवर बोट ठेवलं. "म्हा... ता..." तिसऱ्या पानावर ती अडली आणि तिने पुस्तक मिटलं. त्यानंतर आठवडाभर त्याला हात लावला नाही. आईने गोष्ट सांग म्हटलं, तर म्हणाली, "मला नाही येत वाचायला. बाबांना विचार."

हे शब्द भिंगरावांच्या जिव्हारी लागले. मुलीला वाचनाची गोडी लागावी म्हणून एवढा खटाटोप, आणि ती पुस्तकाकडे पाठ फिरवून बसली! परत करायची तारीख आली, तसे ते तिला घेऊन वाचनालयात गेले.

बालविभागाच्या ग्रंथपालबाईंनी पुस्तक उघडलं आणि चष्मा सारखा केला. "हे कुणी केलं?"

"मी. मजकूर राहून गेला होता ना," भिंगराव जरा ऐटीतच म्हणाले.

बाईंनी कपाळाला हात लावला. "राहून नव्हता गेला हो! ती जागा हिच्यासाठी मोकळी ठेवली होती. अक्षरं ओळखण्याआधी मूल बघायला शिकतं. आधी काय झालं, मग काय झालं, हा माणूस असा का वागला, हे लावत जाणं म्हणजे वाचनच. ते जमलं की अक्षरं मागून येतात. तुम्ही तिची गोष्ट काढून घेतलीत आणि स्वतःची चिकटवलीत."

"पण मी लिहिलंय ते चूक तर नाही?"

"हिलाच विचारा की."

गुंडीने टेबलाची कड घट्ट धरली. "चूक आहे," ती हळूच म्हणाली. "आजोबांना शेळी विकायचीच नाहीये. गिऱ्हाईक आलं की ते तिच्यापुढे उभे राहतात. आणि बाबा, तुम्ही पट्टी लावली ना, तिथे त्यांचा हात आहे. ते तिला गुपचूप पाला देतात."

भिंगरावांनी रुमाल ओला केला आणि एक पट्टी अलगद सोडवली. खाली म्हाताऱ्याचा हात होता, हातात हिरवा पाला! दुसऱ्या पानावरही होता. तिसऱ्यावरही!

"आणि मला दिसलं नाही!" ते इतक्या मोठ्याने म्हणाले की पेपर वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. लाज वाटायची सोडून त्यांची छाती अभिमानाने फुलली होती. "बाई, हिने बघितलं! मी लिहायला बसलो तरी नीट बघितलं नाही, आणि हिने बघितलं!"

बापलेकीने बसून सगळ्या पट्ट्या काढल्या. पानं थोडी सुरकुतली, तेव्हा भिंगरावांनी नवी प्रत आणून द्यायचं कबूल केलं. मग ते लहान मुलांच्या बुटक्या स्टुलावर कसेबसे बसले आणि म्हणाले, "गुंडे, आता मला पहिल्यापासून वाचून दाखव."

गुंडीने वाचलं. खणखणीत आवाजात, शेवटच्या पानापर्यंत. आजूबाजूची चार मुलं जवळ सरकली, तेव्हा भिंगराव त्यांना म्हणाले, "ही माझी मुलगी. वाचते!"

मंडळी, आपल्या घरातलं मूल चित्रावर बोट ठेवून गोष्ट सांगू लागलं, तर 'हे कुठे लिहिलंय?' असं विचारून त्याला गप्प करू नका. जवळ बसा आणि ऐका. ते वाचतंय, आणि तुमच्या नजरेतून सुटलेलं काहीतरी त्याला दिसलेलं आहे.